दोन नंबरचा ट्रायलिस्ट

स्लाऊ, इंग्लंड
बुधवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय भावा,

तुझा व्हॉइस मेसेज परवाच ऐकला. सव्वातीन मिनिटांचा मेसेज आणि त्यातली दोन मिनिटं गांधी मैदानातल्या चिखलाला शिव्या. ऐकून बरं वाटलं. म्हणजे पाऊस वेळेवर लागलाय आणि तूही ठणठणीत आहेस. व्हॉट्सॲपवर उत्तर लिहायला बसलो होतो, पण काल एक मॅच बघून आलोय आणि ती अंगठ्यानं टाइप करून सांगण्यातली नाही. म्हणून पत्र. तुला याआधीचं पत्र दहावीत लिहिलं होतं, भूमितीच्या तासाला, वहीच्या मागच्या पानावर. ते सरांनी वाचलं. हे तरी तुझ्यापर्यंत पोचेल.

तू म्हणालास, ‘तिकडं काय, रोज मॅची बघत असशील लेका.’ खरं सांगू? तीन वर्षं झाली, मोठ्या फुटबॉल क्लबच्या मैदानात पाय ठेवलेला नाही. आधी त्यांचं सभासद व्हायचं, मग तिकिटाच्या सोडतीत नाव घालायचं, आणि लागलंच तर एका माणसाच्या तिकिटात आपल्या गल्लीतल्या सगळ्यांची मिसळ निघेल एवढे पैसे मोजायचे. मी घरात टीव्हीवर बघतो आणि तू तिथं टीव्हीवर बघतोस. फरक एवढाच की इथं मॅच दुपारी असते आणि ओरडलं की भिंतीपलीकडच्या बाई भिंत ठोकतात.

काल मात्र प्रत्यक्ष गेलो. आमच्या ऑफिसात एक साठीचा टेस्टर आहे. दर सोमवारी तो कुठल्यातरी कधी न ऐकलेल्या क्लबचं रडगाणं गातो. त्याला मी एकदा बोलून गेलो की आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेचा फुटबॉल संघ असतो आणि शाहू स्टेडियमवर फायनलला पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसापासून तो मला माणूस समजायला लागला. म्हणाला, मंगळवारी संध्याकाळी मेडनहेडला ये, हंगामाआधीची फ्रेंडली आहे. फ्रेंडली म्हणजे आपला सराव सामना रे. गुण नाहीत, कप नाही, बक्षीस नाही.

स्लाऊहून मेडनहेड म्हणजे लोकलची तीन स्टेशनं. बर्नहॅम, टॅप्लो, मेडनहेड. उतरून चालत पाच-सहा मिनिटांत यॉर्क रोडचं मैदान. रेल्वेच्या कुशीत, घरांच्या मधोमध, बाहेरून बघितलं तर वखार वाटावी असं. आणि आता ऐक. या मैदानावर मेडनहेडचा क्लब १६ फेब्रुवारी १८७१ पासून खेळतोय. एकाच क्लबनं एकाच मैदानावर इतकी वर्षं सलग फुटबॉल खेळल्याचं दुसरं उदाहरण जगात नाही म्हणतात, तशी पाटीच आहे. पहिली मॅच शेजारच्या मार्लो गावाशी झाली. त्याच वर्षी एफए कप ही इथली बाद फेरीची स्पर्धा सुरू झाली. पहिल्यांदा नावं दिलेल्या पंधरा क्लबांत हे दोघंही होते, आणि ११ नोव्हेंबरला पहिल्याच फेरीत यांनी मार्लोला २-० हरवलं. हे सगळं मला टेस्टरनं दारातच ऐकवलं, जणू तो स्वतः लाइनवर झेंडा घेऊन उभा होता.

मी मनात दुसराच हिशेब करत होतो. आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंड बघून परत निघाले आणि वाटेत इटलीतल्या फ्लॉरेन्सला वारले ते ३० नोव्हेंबर १८७० ला. विशीतला पोरगा. म्हणजे तिकडं नदीकाठी त्यांना अग्नी दिला त्याला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा इथं ही गवताची पट्टी आखली जात होती. टेस्टरला हे सांगितलं. त्यानं थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, ‘ते कुठल्या जागी खेळायचे?’

तुला नॉन-लीग हे प्रकरण सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणशील ही लीग नसलेली लीग कसली. वरच्या चार पायऱ्यांवर मिळून ब्याण्णव क्लब. आपण टीव्हीवर बघतो ते त्यातलेही वरचे वीस, म्हणजे प्रीमियर लीग. त्याच्या खाली जे जे काही आहे ते सगळं नॉन-लीग. नावाला ‘नॉन’, बाकी लीगवर लीग, पायरीवर पायरी, पार गावच्या मैदानापर्यंत. आणि मेख अशी की शिडी खालपासून वरपर्यंत जोडलेली आहे. जिंकत राहिलात तर चढता, हरलात तर घसरता. मेडनहेडवाले २०१७ ला नॉन-लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवर चढले आणि आठ हंगाम तिथं टिकले. ल्यूटनचा क्लब २०१४ पर्यंत याच नॉन-लीगमध्ये होता आणि २०२३ ला पार प्रीमियर लीगमध्ये पोचला. आपल्याकडं काय आहे? केएसएची, म्हणजे आपल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग जिंकलीस, दोन-चार चषक घेतलेस, मिरवणूक काढलीस, पुढं? पुढच्या वर्षी परत तीच लीग. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये खेळला तेव्हा अख्खं कोल्हापूर टीव्हीला चिकटलं होतं, पण तो एकटा गेला, पेठेला घेऊन नाही जाता आलं त्याला. माझी ही जुनी तक्रार तुला पाठ आहे, सोडतो.

आत गेलो. फिरकीचं लोखंडी दार, तिथं एक आजोबा चिल्लर मोजत बसलेले. पगारी माणूस नव्हे, हौशी. चुना मारणारा हौशी, चहाच्या खिडकीतल्या दोघी हौशी, सोडतीची तिकिटं विकणारीही हौशी. माणसं मी मोजली, अडीचशेच्या आत. कुत्री वेगळी. हो, कुत्री घेऊन येतात मॅचला! माझ्या शेजारी एक लठ्ठ कुत्रं कठड्याखालून मान काढून बसलं होतं आणि बॉल जवळून गेला की उठायचं, लांब गेला की निजायचं. एवढा शांत जाणकार मी स्टेडियमच्या गॅलरीत कधी पाहिला नाही. लोक हातात बिअर घेऊन कठड्याला टेकलेले. वरच्या लीगांत मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायची नाही असा १९८५ चा कायदा आहे. खाली आलं की ती कटकट नाही. मी चहा घेतला. त्याबद्दल न बोललेलं बरं. आपल्याकडं मॅच संपल्यावर चाकाच्या गाड्यावर जो मिळतो तो चहा आणि हा चहा यांचं नाव एक असणं हा अन्याय आहे.

समोरचा संघ जवळच्याच एका गावचा, दोन पायऱ्या खालचा. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं त्यांच्या गोलीची थट्टा करणार आहे.

पहिली वीस मिनिटं काय सांगू, इतकी भिकार मॅच मी तुझ्या लग्नातल्या हळदीच्या मॅचनंतर पाहिली नव्हती. गवत उन्हानं पिवळं पडलेलं, जमीन कडक, बॉल टप्पा खाऊन डोक्यावरून जाई. खेळाडू सुट्टीवरून आलेले, सगळ्यांचे पाय जड. हे अर्धवेळ खेळणारे. दिवसभर कुणी वीजजोडणी करतो, कुणी शाळेत पीटी शिकवतो, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव. पंचसुद्धा हंगामाआधी दम परत मिळवायला आलेला वाटत होता. बॉलच्या मागं तीस पावलं राहून शिट्टी वाजवायचा. बदली खेळाडू कितीही, कधीही, आत-बाहेर, आत-बाहेर. टेस्टर म्हणाला, जुलैत निकाल बघायचा नसतो, पाय बघायचे असतात. हे वाक्य आपल्या तालमीच्या संघाच्या कोच मामांच्या तोंडात शोभलं असतं.

मग माझं लक्ष त्या दोन नंबरवर गेलं.

मॅचच्या आधी माइकवरून संघ वाचून दाखवतात. एक नंबर अमुक, तीन नंबर तमुक, आणि मधेच, ‘नंबर दोन, ट्रायलिस्ट.’ नाव नाही. दारात मिळालेल्या कागदावरही तेच छापलेलं, ट्रायलिस्ट. पुढं नऊ नंबरही ट्रायलिस्ट, बाकावर आणखी दोघे. टेस्टरनं समजावलं, हे आजमावायला आणलेले गडी. करार नाही, कदाचित दुसऱ्या क्लबशी अजून बांधलेले असतील, त्यामुळं नाव सांगत नाहीत. जमलं तर सही, नाहीतर बॅग उचलून पुढच्या गावाला. जुलैभर ही पोरं अशीच हिंडतात, आज इथं, गुरुवारी तिकडं.

दोन नंबर म्हणजे राईट-बॅक, उजव्या बाजूचा बचाव करणारा. माझीच जागा. बारीक अंगाचा, असेल बावीस-तेवीसचा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी त्याला खांद्यात मोठी होत होती. आणि भावा, तो चांगला खेळत होता! जागा सोडत नव्हता, अंगावर येणाऱ्याला बाहेरच्या बाजूला ढकलत नेत होता, पाय घाईनं घालत नव्हता. पण त्याला बॉलच मिळेना. मला कारण कळायला अर्धा तास लागला. मैदानावर सतत नावांचा पुकारा चालू असतो की नाही, याला दे, त्याला सोड, मागं बघ. याचं नाव कुणालाच माहीत नाही! तो मोकळा पळतोय, हात वर करतोय, आणि मधला गडी मान वर करून बघतो तर ओरडायला तोंडात शब्द नाही. कोच एकदा ओरडला, ‘टू!’ तेव्हा दोन जण थांबले, कारण समोरच्या संघातही दोन नंबर होता.

मला गांधी मैदान आठवलं. तुलाही आठवलंच असेल आत्ता. आपण अकरावीत, जुलैचाच महिना, गुडघाभर पाणी, गोलच्या जागी दोन चपला आणि एक सायकल. मामांनी संघाच्या निवडीला बावीस पोरं बोलावली होती. आपण दोघं एकाच सायकलवर डबलसीट गेलो, आणि माझ्या पायात तुझ्या भावाचे बूट, पुढं कापूस कोंबलेला. तू गेल्या गेल्या दोघांना कट मारून पाण्यात आडवं पाडलंस. मी वीस मिनिटं खेळलो. बॉल पाण्यात थांबला तो मला कळला नाही, मी पुढं पळालो, बॉल मागं, आणि गोल. मामा शिव्या देतील म्हणून मी उभा राहिलो. त्यांनी शिवी दिली नाही. नुसतं बोट केलं, ‘ए, तू. निळ्या शर्टाचा. बाहेर.’

शिवी दिली असती तर चाललं असतं रे.

मध्यंतराला गंमत झाली. सगळे लोक कप उचलून चालायला लागले. मला वाटलं संपली काय मॅच. तर नाही, आपला संघ दुसऱ्या अर्ध्यात ज्या गोलकडं मारणार त्या गोलमागं जाऊन उभं राहायचं. आजोबा, पोरंटोरं, कुत्री, सगळी वरात मैदानाला अर्धा फेरा घालून पलीकडं. मीही गेलो. आपल्याकडं असं केलं तर मधेच दोन पेठा भेटतील आणि पोलीस बोलवावे लागतील. चालता चालता टेस्टर एका कोपऱ्यात थांबून इतक्या लोकांना हात करत होता की मला जोतिबाच्या यात्रेत आल्यासारखं वाटलं.

त्यानं मला तिथंच एक गोष्ट सांगितली. या क्लबला २०१७ ला वर चढवणारा मॅनेजर ॲलन डेव्हनशायर. तो पोरगा असताना एका मोठ्या क्लबनं त्याला ठेवून घेतलं नव्हतं. मग तो साउथॉलच्या नॉन-लीग संघात खेळायचा आणि दिवसा हूवरच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. १९७६ ला वेस्ट हॅम या लंडनच्या मोठ्या क्लबनं त्याला पाच हजार पौंडांत उचललं. चार वर्षांनी एफए कप जिंकला, पुढं इंग्लंडकडून आठ सामने. टेस्टर म्हणाला, म्हणून आम्ही ट्रायलिस्टला हसत नाही. मग थोडं थांबून म्हणाला, पण दर वर्षी चाळीस येतात आणि डेव्हनशायर एकच झाला.

दुसऱ्या अर्ध्यात यजमानांनी आठ गडी बदलले. दोन नंबर राहिला. आता मी त्याच्या बाजूला, दहा हातांवर. त्याचा श्वास ऐकू येत होता. पंचावन्नाव्या मिनिटाला तो मधून एक मोठा पास येणार हे ओळखून आधीच पळाला आणि भावा, मी ओरडलो. मराठीत! ‘आरं सोड की त्याला, मोकळाय!’ शेजारचं कुत्रं दचकून उठलं. पास आला. त्यानं कोपऱ्याजवळून पहिल्याच टचला बॉल आत टाकला. तो इतका साधा होता की गोलीनं नुसता धरायचा. गोलीनं दोन्ही हातांनी धरला, मग सोडला, मग पायानं अडवायला गेला आणि टाचेनं स्वतःच्याच गोलात घातला. मग त्यानं बॉलकडं असं पाहिलं की जणू बॉलनंच कोरोना काळातले पैसे बुडवलेत. गोल कुणाच्या नावावर लिहिला माहीत नाही. माइकवाल्यानं नुसता स्कोअर सांगितला.

दहा मिनिटांनी त्याच दोन नंबरच्या बाजूनं पाहुण्यांनी गोल फेडला. चूक त्याची नव्हती, स्टॉपर झोपला होता. पण त्याच्या बाजूनं झाला ना. लगेच बदलीचा बोर्ड वर गेला. तो पळत बाहेर आला, जर्सी काढली, उलटी झाली होती ती सुलटी केली, घडी घातली आणि सामान बघणाऱ्या बाईंच्या हातात दिली. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जर्सी पुढच्या ट्रायलिस्टला दिली. तोच दोन नंबर आणि तेच नाव.

शेवट बरोबरीत झाला. कुणाला काही पडलेलं नव्हतं.

तू मेसेजमध्ये म्हणालास की या वर्षी तालमीत बावीस-तेवीस पोरं आलीत आणि जर्स्या सोळाच, शिवाय वर्गणीतनं एक परदेशी गडी आणायचा का यावर तालमीत दोन तट पडलेत. परदेशी आणायचा का नाही ते तुम्ही बघा, लांबून शहाणपणा शिकवणार नाही. पण पोरांचं एक ऐक. पहिल्या दिवशी चिठ्ठीवर सगळ्यांची नावं लिहून घे आणि मैदानात नावानं हाक मार. काढायचं त्याला काढ, पण नावानं काढ. ‘निळ्या शर्टाचा’ म्हणू नकोस.

आता शेवटचं. मॅच संपल्यावर टेस्टर त्याच्या मंडळीत बसला, मी स्टेशनवर आलो. साडेनऊ वाजून गेलेले, तरी आकाशात उजेड होता. फलाटाच्या बाकावर तोच बसलेला. गुडघ्याला बर्फाची पिशवी, शेजारी मोठी बॅग, बुटांना अजून माती. मी जवळ जाऊन म्हटलं, चांगला खेळलास. त्यानं झटकन मान वर केली आणि विचारलं, ‘तुम्ही क्लबचे का?’

काय उत्तर देणार? म्हटलं, नाही, नुसता बघायला आलो होतो. त्याचा चेहरा पडला, पण त्यानं लगेच सावरला आणि बाकावरची बॅग खाली ठेवून मला जागा दिली. मग बोललो. सकाळी सहाला विमानतळावर ड्यूटी आहे म्हणाला, सामान चढवायची. गुरुवारी आणखी एका क्लबात बोलावलंय, तिथं जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. मी त्याला म्हटलं, मी पण राईट-बॅक होतो. कुठल्या क्लबचा, त्यानं विचारलं. मी म्हटलं, वीस मिनिटांचा. तो इतका हसला की गुडघ्यावरची पिशवी घरंगळली.

स्लाऊ येईपर्यंत तीन स्टेशनं. उतरताना मी त्याला नाव विचारलं. त्यानं सांगितलं आणि स्पेलिंगही सांगितलं, सवयीनं सांगावं तसं. ते तुला लिहीत नाही. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला की या भागातल्या क्लबांचे संघ छापून येतात, तेव्हा मी बघणार आहे.

वहिनींना नमस्कार, काकूंच्या पायाचं काय झालं ते कळव. भडंग संपलाय. कुणी इकडं येणारं असेल तर दोन किलो पाठव, लसूण जास्त घालून.

तुझा,
निळ्या शर्टाचा

ता.क. त्या दिवसानंतरच्या रविवारी मामांनी मला घरी येऊन, माझं नाव घेऊन हाक मारली होती. म्हणाले, उद्यापासून बॉलची पिशवी आणि जर्स्या तू बघायच्या. सहा वर्षं बघितल्या. माझं नाव त्यांना कुणी सांगितलं, आणि तू त्या दिवशी मैदानात मागं थांबून त्यांच्याशी काय बोललास, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारतोय. व्हॉइस मेसेज नको, लिहून पाठव.